जीन्स मागवली, आली छापील लेगिंग, आणि वर म्हणतात ठेवून घ्या

जरा मोठं होईल पण प्लीज पूर्ण वाचा, माझे गेले तसे पैसे अजून कुणाचे जायला नकोत.

मला हाय वेस्ट जीन्स हवी होती, पोटाला नीट धरून ठेवणारी आणि मागून फिटिंग चांगलं दिसेल अशी. बजेट कमी म्हणून महिनाभर शोधत होते आणि एक दिवस मोबाईलवर जाहिरात आली, दुकान बंद होतंय, सगळं निम्म्याहून कमी किमतीत. फोटोतली जीन्स अगदी हवी तशी, जाड कापड, गडद निळा रंग, मागचे खिसे जरा वर घेतलेले. बाजूला टाइमर चालू, ऑफर संपायला ८ मिनिटं. घाईघाईत कार्डाने पैसे भरून टाकले.

जवळजवळ महिन्याने एक पातळ पिशवी आली. हातात घेतल्याबरोबर पोटात गोळा आला, इतकी हलकी जीन्स असूच शकत नाही. उघडलं तर लेगिंगचं सुळसुळीत कापड आणि त्यावर जीन्स छापलेली. चेन छापलेली, शिलाई छापलेली, खिशाच्या कोपऱ्यावरचे रिव्हेट (धातूच्या छोट्या टिकल्या) सुद्धा छापलेले! अहो १८७३ साली जेकब डेव्हिस आणि लेव्ही स्ट्रॉसने त्या रिव्हेटचं पेटंट घेतलं ते ताण पडून खिसे उसवू नयेत म्हणून, आणि इथे खिसाच नाही. उलटी केली तर आतून पांढरीफटक. खऱ्या डेनिमचा उभा धागा निळा आणि आडवा पांढरा असतो, म्हणून आतली बाजू फिकट दिसते पण तिरप्या रेघा दिसतातच. त्यामुळे आता मी आतल्या बाजूचा फोटो बघितल्याशिवाय काहीच घेत नाही.

पण खरी फसवणूक पुढे झाली. मेल केला तर उत्तर किती गोड, सॉरी डियर, २० टक्के पैसे परत देतो, वस्तू ठेवून घ्या. नाही म्हटलं तर ३० टक्के. परत पाठवायचं तर दुसऱ्या देशात, स्वतःच्या खर्चाने, तो खर्च जीन्सपेक्षा जास्त. दर मेलला आठ-दहा दिवस लावायचे, असं करत चार महिने गेले, शेवटी कंटाळून ४० टक्क्यांना हो म्हटलं, तेही आले नाहीत. बँकेत तक्रार केली तर कार्डाचे पैसे परत मागायची मुदत संपलेली. तो सगळा गोडवा त्यासाठीच होता हे तेव्हा लक्षात आलं, फार राग आला.

तोच फोटो इमेज सर्चमध्ये टाकला तर वेगवेगळ्या नावांच्या पाच साइटवर निघाला. हे आधी केलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं.

आता घेताना आपली नीट बसणारी जुनी जीन्स जमिनीवर सपाट पसरते आणि कंबर, मांडी आणि जांघेच्या शिवणीपासून वरच्या पट्टीपर्यंतची उंची टेपने मोजते. साइजच्या आकड्यावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. ती उंची साइटवर दिलेलीच नसेल तर हाय वेस्ट म्हणून लिहिलंय त्याला काही अर्थ नाही. कापडाची टक्केवारी पण बघा, ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलॅस्टेन (ताणला जाणारा धागा) असेल तर थोडं ताणलं जातं आणि आकारही बऱ्यापैकी टिकतो.

आणि कुणाचे असे मेल आत्ता चालू असतील तर कितीही टक्के देऊ केले तरी हो म्हणू नका, पिशवी, लेबल आणि कापडाचे फोटो काढून ठेवा आणि आजच बँकेला फोन करा.