‘आर्मी लेडीज वॉच’च्या नावाखाली ७,९५० रुपये गेले. ही जाहिरात दिसली तर थांबा

आधी आकडा सांगते, कारण ज्याला सांगावं तो आधी तेच विचारतो. ७,९५० रुपये. बुकिंगचे ५००, मग उरलेले ५,३००, आणि घड्याळ खोटं निघाल्यावर ते ‘बदलून मिळावं’ म्हणून वर २,१५०. हा शेवटचा हप्ता ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय येतं ते मला आता पाठ झालंय. हसायचं तर हसा, पण पुढचं वाचा.

मी साताऱ्यात मुलींना भरतीसाठी पळवते. पोलीस भरतीचे ८०० मीटर, १०० मीटर, गोळाफेक. हल्ली अग्निवीरची तयारी करणाऱ्या मुलीही येतात. पहाटे ग्राउंडवर मिट्ट काळोख, पावसाळ्यात चिखल, आणि मोबाईलवर टायमिंग घ्यायला जावं तर ओल्या बोटाला स्क्रीन दाद देत नाही. त्यामुळे स्टॉपवॉच असलेलं, अंधारात दिसणारं आणि आपटलं तरी चालणारं घड्याळ हवं होतं. हौस म्हणून नव्हे.

दुकानं पालथी घातली नाहीत असं कुणी समजू नये. ‘लेडीज’ म्हटलं की काउंटरवरचा मुलगा खडे लावलेलं सोनेरी काहीतरी काढतो, आणि ‘दणकट’ म्हटलं की जेंट्सच्या काउंटरकडे बोट दाखवतो. माझं मनगट १५ सेंटिमीटर. कॅसिओच्या दणकट जी-शॉक घड्याळांतलं जीए-२१०० हे मॉडेल घालून पाहिलं. ४५.४ मिलिमीटर रुंद, वरून खाली ४८.५. घड्याळ उत्तम, पण माझ्या हातावर पट्ट्याच्या कडा बाहेर लोंबत होत्या. त्याचंच धाकटं भावंड जीएमए-एस२१००, ४२.९ बाय ४६.२, ते बसलं असतं. दुकानदार ‘मागवून देतो’ म्हणाला, फोन नंबर घेतला, आणि फोन कधी केलाच नाही. त्याने तो एक फोन केला असता तर ही वेळ आली नसती, असं मला अजूनही वाटतं.

अशात ती जाहिरात दिसली. ऑलिव्ह रंगाचा पट्टा, काळी डायल, बाईचा हात. ‘महिला लष्करी पोलिसांसाठी आलेला लॉट, उरलेला स्टॉक, कॅन्टीन रेट. मिलिटरी सर्टिफाइड ८१०. ट्रिटियम लाइट. २०० मीटर वॉटरप्रूफ. फक्त ५,८००.’ कॅन्टीन म्हणजे फौजींना स्वस्तात माल मिळतो ते लष्करी दुकान.

आता म्हणाल, हे कसं खरं वाटलं? अहो, लष्करी पोलिसांत मुलींची पहिली तुकडी २०२१ मध्ये बेंगळुरूहून बाहेर पडली, हे मी स्वतः माझ्या मुलींना सांगत असते. त्यांना घड्याळं दिली असतील, काही उरली असतील, यात अशक्य काय होतं? आणि आमच्या जिल्ह्यात फौजी म्हटलं की विषय संपतो. ‘अपशिंगे मिलिटरी’ अशा नावाचं गाव आहे इथे. समोरचा ‘जय हिंद मॅडम’ म्हणाला की आमच्याकडे त्याला ‘तुझं आधार दाखव’ म्हणायची पद्धत नाही. चोरांना हे पक्कं ठाऊक असतं.

त्याने न मागता आयकार्डाचा फोटो पाठवला. कॅन्टीन कार्डाचाही पाठवला. पुढचा सापळा कसा असतो तो तुम्हाला माहीत आहे, तो सांगत बसत नाही.

पण एक क्षण सांगणार आहे. ५,३०० रुपये पाठवताना यूपीआयवर पैसे घेणाऱ्याचं नाव दिसतं. पिन टाकायच्या आधी, ठळक अक्षरांत. कार्डावरचं नाव एक आणि इथलं नाव भलतंच, आडनावसुद्धा वेगळं. मला दिसलं. मी झोपेत नव्हते. मी थांबले आणि फोन करून विचारलंही. तो लगेच म्हणाला, ‘मॅडम, कॅन्टीनका अकाउंट है, कॅशियरके नामपे.’ एवढं तयार उत्तर! खऱ्या माणसाला अशा प्रश्नावर क्षणभर तरी आठवावं लागतं. त्या वेळी मात्र मला तो व्यवस्थित माणूस वाटला. बोट पिनवर होतं, डोक्यात खटकलं होतं, आणि तरी चार आकडे दाबले. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो स्क्रीन दिसतो. नावं जुळत नसतील तर खुलासा मागूच नका. खुलासा त्यांच्याकडे असतोच.

आणि ते ‘८१०’! मिल-स्टँडर्ड-८१० हे अमेरिकेच्या संरक्षण खात्याचं चाचणीपद्धतींचं पुस्तक आहे. २०१९ पासून त्याची ‘एच’ आवृत्ती चालू आहे. धक्का, उष्णता, धूळ, दमट हवा यांच्या चाचण्या कशा घ्यायच्या एवढंच ते सांगतं. घड्याळाला सर्टिफिकेट देणारं असं कुठलंही खातं तिथे बसलेलं नाही. कंपनी स्वतः चाचणी घेते आणि स्वतःच लिहिते. चांगली कंपनी कोणत्या चाचण्या घेतल्या ते सांगते, बाकीच्या नुसता आकडा छापतात. आपल्या फौजेच्या घड्याळावर अमेरिकेचा आकडा कशाला असेल, हा साधा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. जाहिरात वाचणाऱ्या किती जणींना पडतो, सांगा बरं?

पार्सल आलं. डब्यावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, एमआरपी नाही, कुठल्या देशात बनलं ते नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद मालावर हे छापणं २०११ च्या नियमांनुसार सक्तीचं आहे. डबा कोरा असेल तर माल कसला आहे ते उघडायच्या आधीच कळतं.

ग्राउंडवर मुलींना दाखवलं, याची लाज वेगळीच. घड्याळ तब्बल ५२ मिलिमीटरचं. जेंट्सच्याच घड्याळाला वेगळा पट्टा लावला की ते ‘महिलांचं’ होतं म्हणे. जाहिरातीत मिलिमीटर दिलेच नव्हते. ट्रिटियमला उजेड दाखवावा लागत नाही, ते वर्षानुवर्षं स्वतःच मंद चमकत राहतं. माझं रात्रभर कपाटात होतं, पहाटे काढलं तर काटेसुद्धा दिसेनात. दोन दिवसांत काचेच्या आतून वाफ धरली.

घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण पात्याने टच्चकन उघडलं आणि न बोलता माझ्यापुढे सरकवलं. एवढ्या मोठ्या डब्यात मध्यभागी एक चिमुकलं मशीन, भोवती पांढऱ्या प्लॅस्टिकची चकती भरलेली. झाकणाखाली रबराची रिंग हवी, तीच नव्हती. पाणी आत जाणार नाही तर काय होईल? वरचे चार स्क्रू नुसते दाबून बसवलेले, पेचकस फिरायला फटच नाही. स्टॉपवॉचच्या तीन छोट्या डायल छापील. काकांनी बटण दाबून दाखवलं, ते खाली-वर व्हायचं, आत कशालाच टेकलेलं नव्हतं. ‘ताई, सेल चांगला घातलाय,’ म्हणाले. झाकण लावून दिलं, पैसे घेतले नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

मग ते २,१५०. फोन केला तर माणूस भांडला नाही, उलट माफी मागितली. ‘चुकीचा लॉट गेला मॅडम, बदलून देतो, गेटपासचं डिपॉझिट भरा, माल मिळाला की परत.’ ५,८०० आधीच अडकले होते. ते सोडवायला माणूस काहीही करतो, आणि हे लोक जगतात त्याच्यावरच. त्यानंतर इन्शुरन्सचे ३,४९९ मागितले तेव्हा चुलत दिरांना विचारलं, ते फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेत. ‘वहिनी, फौजेत बायकांना वेगळं घड्याळ देतात हे मला पेन्शनीत गेल्यावर कळलं बघा,’ म्हणाले. अख्ख्या जेवणाच्या पंगतीत.

आता सरकारी कथा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, तक्रार क्रमांक मिळाला. हा १९३० तुम्हीही पाठ करून ठेवा, आणि पैसे गेल्यावर लगेच फिरवा, दुसऱ्या दिवशी नव्हे. पुढे पोलीस ठाण्यात गेले. तिथे म्हणाले, सायबरला जा. सायबरवाले म्हणाले, हद्द ठाण्याची. परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. मग साहेब भेटले, रक्कम ऐकली आणि म्हणाले, ‘एवढ्याशा रकमेला एफआयआर कुठे करता?’ माझे महिन्याचे क्लासचे पैसे किती येतात ते साहेबांना ठाऊक नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द न बघता माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे, असं म्हटलं तर ‘वकील आहात का?’ वर बाजूचा हवालदार म्हणतो, कॅन्टीनचा माल सिव्हिलियनने घेणं हेच मुळात बेकायदा, तुमच्यावरच येईल. चोर मोकळा आणि मी गुन्हेगार! उरलेला, बाहेर काढलेला स्टॉक आहे असं तो म्हणाला होता, हे सांगून माझा घसा बसला. तोतयेगिरी करून फसवल्याचं कलम ३१९ न्याय संहितेत आहे, आयटी कायद्यात ६६ड आहे. कलमं सगळी आहेत, लिहून घेणारा हात तेवढा मिळत नाही. माझा अर्ज पोच न देता ठेवून घेतला. तुम्ही शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय उठू नका, त्यांचा चहा येऊन जाईपर्यंत बसा.

बँकेत तर ‘पिन तुम्हीच टाकला ना?’ एवढ्यावर विषय मिटला. मॅनेजर मान वर न करता बोलत होते.

मधल्या काळात त्या माणसाने आयकार्डाचे फोटो चॅटमधून पुसले. म्हणून सांगते, फोटो आला की तत्क्षणी स्क्रीनशॉट काढा. व्यवहाराचा बारा आकडी नंबर वेगळा लिहून ठेवा. जाहिरातीतला फोटो गुगलवर उलटा शोधा, माझ्या जाहिरातीतला तो ‘महिला सैनिकाचा’ हात परदेशातल्या एका पट्टे विकणाऱ्या दुकानाचा निघाला. घड्याळ घेताना डायलची रुंदी, जाडी आणि वजन लेखी मागा, आपल्या मनगटावर पट्टी धरून बघा. ३० मीटर लिहिलं असेल तर ते हात धुण्यापुरतं समजा, पोहायला किमान १०० हवं. आणि पट्ट्याला शेवटचं भोक कुठे आहे ते विचारा, बारीक हाताला तिथेच घोळ होतो.

परवा एका बाईचा फोन आला. गोड आवाज, ‘सायबर रिकव्हरी विभागातून बोलतेय, तुमचे ७,९५० मंजूर झालेत, प्रोसेसिंगचे फक्त ९९९ भरा.’ माझी रक्कम तिला रुपयापर्यंत ठाऊक! म्हणजे त्यांचीच टोळी, नाहीतर माझी तक्रार कुठूनतरी फुटली. तिला मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तिचा नंबर मात्र त्याच तक्रारीला जोडलाय.