मिरची सुकवायचं मशीन घेताय? आधी ओली मिरची घेऊन जा आणि मीटर बघा

मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात सध्या मिरची नि आमसुलं सुकवायचे इलेक्ट्रिक ड्रायर विकणारे एजंट बचत गटातल्या बायकांना गाठतायत. आमच्या गटाचे असेच 23,500 रुपये गेले, वर सबसिडीची फाईल करायची म्हणून 2,500 वेगळे. एजंटचं नाव इथे लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे, पण फसवायची पद्धत सगळीकडे हीच असणार, म्हणून जे जे कळलं ते सगळं लिहून टाकते.

आमचं मसाल्याचं काम घरगुती, चाकरमानी मे महिन्यात आले की डबे भरून नेतात, गणपतीला परत नेतात. ब्याडगी रंगाला नि लवंगी तिखटाला बाजारातनं सुकीच आणतो, पण भात कापल्यावर मळ्यात लावलेली आमची स्वतःची मिरसांग पण असते, ती लाल पिकली की ओलीच तोडायची आणि खळ्यावर सुकवायची. 2021 च्या मे मधे तौक्ते वादळ आलं तेव्हापासनं मे महिन्यात खळ्यावर मिरची टाकून कोणी निर्धास्त बसत नाही, आणि इथली खारी दमट हवा अशी की दुपारी कडकडीत वाजणारी मिरची उघडी राहिली तर सकाळी मऊ. म्हणून मशीन हवं होतं, आणि ते आजही हवंच आहे, मशीनला माझा विरोध नाही.

एका प्रदर्शनात एजंटचा स्टॉल होता. ट्रेमधे मिरच्या पसरल्या, दीडेक तासाने काढून हातावर चुरून दाखवल्या, सगळ्यांनी फोनवर व्हिडिओ काढले. "ताई, एका वेळी 10 किलो, 8 तासांत, पाऊस असो नाहीतर काही असो." आता यातली मेख ऐका. त्याने ट्रेमधे टाकली होती ती बाजारातली आधीच सुकलेली ब्याडगी. सुक्या मिरचीत पाणी असतं जेमतेम दहा-अकरा टक्के, ती कुठल्याही गरम पेटीत चुरचुरीत होणारच. ओल्या लाल मिरचीत तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी, 10 किलो ओलीची सुकून अडीच किलोच्या आसपास भरते, म्हणजे साडेसात किलो पाणी त्या पेटीने बाहेर काढायला हवं. डेमोला आपली ओली मिरची पिशवीतनं घेऊन जायची, आणि तो नको म्हणाला की तिथनं निघायचं.

घरी मशीन आलं, पहिला घाणा लावला आणि दुसऱ्या दिवशी ट्रे काढले तर खालच्या ट्रेतल्या मिरच्या काळपट, वरच्या तशाच ओल्या, मऊ, आणि वास कसला तर उकडल्याचा. शेजारच्या काकींनी एक मिरची दाबून बघितली नि म्हणाल्या, "मिरसांगो शिजल्यो गो, सुकूक नाय." पंखा तळाला आणि ट्रे एकावर एक, अशा मशीनमधे खालचे-वरचे ट्रे अधनंमधनं बदलावे लागतात हे मान्य, ते आम्ही करत होतो. पण इथे मुळात उष्णताच पुरत नव्हती. फोन केला तर एजंट म्हणे तुमच्याकडे व्होल्टेज कमी.

मग माझा भाचा आला, तो वायरमनचं काम करतो. त्याने घरातला फ्रीज, पंखे, पंप सगळं बंद केलं, फक्त ड्रायर चालू ठेवला आणि आधीचं नि तासाभराने नंतरचं मीटरचं रीडिंग घेतलं. मशीनच्या पाठीवर स्टिकर 1200 वॉटचा, म्हणजे तासाला 1.2 युनिट जायला पाहिजे. गेलं 0.4. हीटरचा दिवा तासभर सलग पेटलेला होता, म्हणजे थर्मोस्टॅटने मधे बंद केला म्हणून कमी आलं असंही नाही, आणि व्होल्टेज त्याने टेस्टरने मोजलं तर व्यवस्थित होतं. हीटरवाल्या मशीनमधे एक किलो पाण्याची वाफ करायला कमीत कमी 0.63 युनिट लागतं, साडेसात किलोला पावणेपाच युनिट, तेही अजिबात उष्णता वाया गेली नाही तर, प्रत्यक्षात त्याच्या दुप्पट धरा. आमचं मशीन 8 तासांत देणार 3.2 युनिट! म्हणजे एजंटने सांगितलेलं काम त्या मशीनकडनं होणं शक्यच नव्हतं आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असणार, कारण 1200 चा स्टिकर सोलला तर खाली दुसरा, 400 चा. हे बघून काय वाटलं ते लिहीत नाही. बायकांनी महिन्याला शंभर-शंभर टाकून जमवलेले पैसे होते ते.

बाकीचं पण सांगते. बटणावर 35 ते 75 डिग्री लिहिलंय पण आत थर्मामीटर ठेवला तर कुठेही फिरवा, चाळिशीच्या वर काटा जाईना. मिरचीला 55 ते 60 डिग्री लागतं, फार वाढवलं तर रंग काळवंडतो, आणि कमी ठेवलं तर सुकायच्या आधी बुरशी धरते. ट्रे 304 स्टीलचे म्हणून सांगितले, मिठाच्या हवेत थोड्याच दिवसांत कडेला तांबेरा. चुंबक लावून बघा म्हणतात, 304 ला ते चिकटत नाही, आमच्या ट्रेला तर घट्ट चिकटलं, पण नुसत्या चुंबकावर जाऊ नका, हलक्या 202 ला पण ते चिकटत नाही, बिलावर 304 लिहून घ्या.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, जीवाशी खेळ आहे हा. अर्धवट सुकलेली मिरची बाहेरनं लाल दिसते, पण मधे चिरली तर देठाजवळ बियांवर करडी-काळी भुकटी दिसते. त्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन तयार होऊ शकतं, ते लिव्हरला घातक आणि घरी भाजून किंवा कुटून ते जात नाही. एफएसएसएआयच्या नियमात मिरची पावडरमधे ओलावा 11 टक्क्यांच्या वर चालत नाही तो उगाच नाही. तो आख्खा घाणा आम्ही खड्ड्यात पुरला, डंखावर (मसाला कुटायच्या गिरणीत) नेला नाही. लोक आमच्या नावावर मसाला नेतात, ज्याच्या घरी लहान पोरं जेवतात त्याला असली पावडर द्यायची कशी?

आता सबसिडी. एजंट म्हणाला पीएमएफएमई (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्र सरकारची योजना) मधनं 35 टक्के परत मिळवून देतो, फाईलचे 2,500 द्या. योजना खरी आहे, 2020 मधे सुरू झाली, 35 टक्के आणि जास्तीत जास्त 10 लाख हेही खरं. पण ती बँकेच्या कर्जाला जोडलेली आहे, रोख देऊन मशीन आणलं नि मग एजंटने 35 टक्के हातात आणून दिले असं तिथे नसतं. अर्ज करायला जिल्ह्यात संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्यांना मानधन सरकार देतं, आपण द्यायचं नसतं. कृषी खात्याच्या ऑफिसात चौकशी करा, फुकट माहिती मिळते. आमची फाईल कुठे गेलीच नव्हती, तिथे जाऊन विचारलं तेव्हा समजलं.

पैसे त्याने यूपीआयवर घेतले ते एका बाईच्या खासगी खात्यात. कोटेशनवर जीएसटी नंबर होता, तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर भलत्याच नावाचा निघाला. हे बघायला दोन मिनिटं लागतात आणि लॉगिन पण लागत नाही, पैसे द्यायच्या आधीच बघा.

आम्ही 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली तेव्हा एजंटचं उत्तर काय आलं, तर तुम्ही धंद्यासाठी मशीन घेतलंय, तुम्ही ग्राहकच नाही. हे ऐकून घाबरायला होतं आणि पुष्कळ जणी इथेच सोडून देत असतील. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधे स्पष्ट आहे, स्वतः राबून पोट भरण्यासाठी वस्तू घेतली असेल तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या रकमेला फी नाही, मुदत दोन वर्षांची. आमचा अर्ज जिल्हा आयोगात दाखल झालाय, 2,500 बद्दल पोलिसांत वेगळा लेखी अर्ज दिलाय. पक्कं बिल आमच्याकडे नाहीच, पण यूपीआयचा व्यवहार क्रमांक, व्हॉट्सअॅपवरचं "10 किलो 8 तासांत" हे वाक्य, डेमोचा व्हिडिओ आणि दोन्ही स्टिकरांचे फोटो जोडलेत. मशीन तसंच झाकून ठेवलंय, त्याचा माणूस दुरुस्तीला म्हणून घेऊन जायला आला होता, दिलं नाही. तुमच्याकडे आला तर तुम्ही पण देऊ नका, तोच तर पुरावा आहे.