मेमरी फोमची मऊ गादी न बदलता कडक केली, पावसाळा-थंडी-उन्हाळा काढल्यावरचा अनुभव

आम्ही नवी मुंबईत कोपरखैरणेला राहतो. बेड ७८ बाय ७२ इंचांचा, खाली लाकडी पट्ट्या, वर ८ इंची मेमरी फोमची गादी, ऑनलाइन घेतलेली. ट्रायलची मुदत थंडीतच संपली आणि गादीचे खरे गुण कळले मे महिन्यात, कारण मेमरी फोम गरमीने अजून मऊ पडतो, एसी लावला की जरा घट्ट होतो, पण म्हणून काय रात्रभर एसी चालू ठेवायचा? कूस बदलायची तर आधी खड्ड्यातून वर यायचं, त्यात मिस्टर नव्वद किलोच्या पुढचे, मी झोपेत त्यांच्याच बाजूला घरंगळायचे.

काही विकत घ्यायच्या आधी गादी एखाद-दोन रात्री लादीवर टाकून झोपून बघा. लादीवर बरी वाटली तर दोष बेडच्या पट्ट्यांचा, तिथेही तेवढीच खचली तर फोमचाच. जो तो प्लाय टाका म्हणून सांगतो पण प्लायने फक्त पट्ट्यांचं दुखणं जातं, वरचा मऊपणा तसाच राहतो. आमच्याकडे दोन्ही होतं.

प्लाय १२ एमएमचा घेतला. शीट ८ बाय ४ फुटांची येते, लिफ्टमध्ये जाणं कठीण, म्हणून दुकानातच दोन शीटमधून ७८ बाय ३६ इंचांचे दोन तुकडे कापून घेतले. जोड बेडच्या मधल्या, डोक्याकडून पायाकडे जाणाऱ्या सपोर्टवर आला पाहिजे नाहीतर तिथे करकर होते. सुताराकडून जागोजागी इंचभराची भोकं पाडून घेतली, कडा पॉलिश पेपरने घासल्या. भोकं मस्ट आहेत, खाडीजवळचा दमटपणा आणि अंगाची वाफ, फोमखाली हवाच नसेल तर बुरशी ठरलेली. पावसाळ्यात अधूनमधून गादी उभी करून पंखा लावायचो, बुरशी आली नाही, जोडापाशी जरा ओलसर लागायचं तेवढंच.

खरा फरक पडला टॉपरने, म्हणजे गादीवर टाकायच्या पातळ थराने. इथे लोक चुकून मेमरी फोमचाच टॉपर घेतात, म्हणजे मऊवर अजून मऊ. आम्ही रीबॉन्डेड फोमचा (फोमचे तुकडे दाबून चिकटवलेला, कडक) २ इंची घेतला, १०० डेन्सिटी म्हणजे घनमीटरला १०० किलो, साडेचार हजारच्या आसपास. आधी कपाटातली जुनी कापसाची गादी वर टाकून बघितली, त्यानेच बरं वाटायला लागलं म्हणून पैसे खर्च करायचा धीर आला (कापसाचीच ठेवली असती, पण तिला ऊन दाखवावं लागतं आणि जुलैत ऊन आणायचं कुठून). टॉपरला सुरुवातीला केमिकलचा वास होता, गॅलरीत ठेवल्यावर गेला. सरकू नये म्हणून खाली जाळीची अँटी-स्लिप मॅट.

माझी कंबर सकाळी धरायची ते जवळपास थांबलं. मिस्टरांचं उलट, ते कुशीवर झोपतात, खांदा दुखायला लागला, मग त्यांच्या बाजूला सासूबाईंची गोधडी दुमडून घातली आणि जमलं. तसंही जितकं कडक तितकं चांगलं हे खरं नाही, २००३ मध्ये लॅन्सेटमध्ये स्पेनमधला एक अभ्यास आला होता, जुनी कंबरदुखी असलेल्या ३१३ जणांवर, त्यात एकदम कडक गादीपेक्षा मध्यम-कडक गादीवाल्यांना जास्त आराम पडला. ज्यांचा त्रास पायात उतरतो त्यांनी मात्र गादीशी खेळत बसू नका, डॉक्टरला दाखवा.

हायड्रॉलिक बेडवाल्यांनी एक बघा, या साइजचा असा टॉपर साधारण १८ किलोचा होतो, पंप जुना असेल तर बेड उचलताना जाणवेल. बेड दोन इंच उंच होतो, सासूबाईंचे पाय आता लादीला नीट टेकत नाहीत म्हणून त्यांनी पाट मागून घेतलाय. इलॅस्टिकवाल्या बेडशीटही पुरत नाहीत, टॉपरवर वेगळी आणि गादीवर वेगळी घालते. वॉरंटी कार्डही वाचा, गादी कशावर ठेवायची याची अट असते आणि कव्हर उसवून आतले थर बदलले की वॉरंटी गेलीच समजा.

अजून न सुटलेला प्रॉब्लेम म्हणजे कड. मध्ये झकास लागतं पण काठावर बसलं की तीच जुनी गादी, भस्सकन खाली, टॉपर पण तिच्याबरोबर वाकतो. त्यावर काही सापडलेलं नाही, मोजे घालायला खुर्चीवर बसतो.