बायनॉरल बीट्स: वर्गणीचे ॲप घ्यावे की फाइल घरी करावी?

ध्यान, विश्रांती आणि एकाग्रता यांसाठी बायनॉरल बीट्स ऐकवणारे वार्षिक वर्गणीचे एक ॲप, आणि त्याच तत्त्वावर ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घरी तयार केलेली फाइल, अशा दोन्ही गोष्टी मी यंदाच्या पावसाळ्यात गोव्यातील फोंड्याच्या घरी नियमाने वापरून पाहिल्या. माझे काम मुद्रितशोधनाचे आहे. एकेका ओळीवर नजर ठरवून बसावे लागते आणि चवथ जवळ आली की संध्याकाळी शेजारच्या वाड्यावर घुमट-आरतीचा (घुमट या मातीच्या तालवाद्यावरील आरतीचा) सराव सुरू होतो, त्यामुळे लक्ष टिकवणारे एखादे साधन मला मनापासून हवे होते. माझे मत असे झाले की वर्गणीवर पैसे घालण्याचे कारण नाही. ते हेडफोनवर घालावेत.

हा ध्वनी मुळात काय आहे हे कळल्याशिवाय त्याची पारख करता येत नाही. डाव्या कानात २०० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला २०० कंपनांचा) आणि उजव्या कानात २१० हर्ट्झचा शुद्ध स्वर सोडला, तर ऐकणाऱ्याला एकच स्वर सेकंदाला १० वेळा थरथरल्यासारखा वाटतो. ही थरथर हवेत कुठेच नसते. दोन्ही कानांकडून आलेले संदेश मेंदूच्या तळाशी, मेंदूस्तंभात, जिथे प्रथम एकत्र येतात तिथे ती निर्माण होते. हाइनरिश विल्हेल्म डोव्ह या प्रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १८४१ मध्ये हा परिणाम नोंदवला आणि १९७३ मध्ये जेरल्ड ऑस्टर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यावर सविस्तर लेख लिहिल्यानंतर तो सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या गायिकांच्या गोव्यात ही गोष्ट समजावायला फार लांब जावे लागत नाही. तंबोऱ्याच्या जोडाच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या की स्वर हेलकावे खाऊ लागतो आणि तारा जुळत गेल्या की तो हेलकावा संथ होत होत नाहीसा होतो. फरक एवढाच की तंबोऱ्याचे दोन स्वर हवेतच मिसळतात आणि म्हणून एका कानालाही तो हेलकावा ऐकू येतो, तर बायनॉरल बीट्सना दोन्ही कान लागतात.

या फरकावरूनच कोणत्याही ॲपची परीक्षा घेता येते. ध्वनी सुरू असताना एका कानावरचा हेडफोन बाजूला करावा. थरथर त्याच क्षणी थांबून सपाट स्वर उरला, तर ऐकत होतो ते खरोखर बायनॉरल होते. थरथर तशीच चालू राहिली, तर तो स्वर आधीच कमी-जास्त करून ठेवलेला आहे आणि त्याला बायनॉरल म्हणणे चूक आहे. मी घेतलेल्या ॲपमधील ‘गाढ ध्यान’ नावाचा भाग या परीक्षेत उतरला नाही. इतर भागांत थरथर खरी होती, पण तिच्यावर वाद्यसंगीताचा एवढा जाड थर चढवलेला होता की ती शोधावी लागत होती. कोणत्या भागात किती हर्ट्झचा फरक आहे हे कुठेही दिलेले नव्हते, नुसती आकर्षक नावे होती. ज्या आकड्यावर संपूर्ण दावा उभा आहे तोच ग्राहकाला न सांगणे मला गैर वाटते.

ऑडॅसिटीत हेच काम थोड्या वेळात होते. दोन वेगळे मोनो ट्रॅक घ्यावेत, एकात २०० हर्ट्झचा साइन (म्हणजे शुद्ध) स्वर तयार करावा, दुसऱ्यात २१० चा, पहिला ट्रॅक पूर्ण डावीकडे आणि दुसरा पूर्ण उजवीकडे सरकवावा आणि स्टिरिओ फाइल म्हणून साठवावे. मी पडवीच्या पत्र्यावर पडणारा पाऊस फोनवर रेकॉर्ड करून त्याखाली मंद आवाजात घातला. नुसता स्वर फार वेळ ऐकला की कंटाळवाणा होतो, तो त्यामुळे पुष्कळ सुसह्य झाला. फरक ४ हर्ट्झ ठेवला तर स्वर स्पष्ट उसळतो आणि ओसरतो; १० ला तो बारीक कंप होतो; ३० च्या पुढे गेले की थरथर जवळजवळ जाणवेनाशी होते. मूळ स्वर साधारण १००० हर्ट्झच्या खालीच ठेवावा, कारण त्याच्या वर हा परिणाम विरत जातो. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू असेल, तर दोन्ही कानांत एकच मिश्रण जाते आणि सगळी मेहनत वाया जाते, हेही आधी तपासावे.

उपयोग किती होतो, यावर संशोधनाचा कौल एकमुखी नाही. शस्त्रक्रियेपूर्वीच्या काळजीवर २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बायनॉरल ध्वनी ऐकणाऱ्यांची काळजी २६.३ टक्क्यांनी कमी झाली, तसाच पण थरथर नसलेला ध्वनी ऐकणाऱ्यांची ११.१ टक्क्यांनी आणि काहीच न ऐकणाऱ्यांची ३.८ टक्क्यांनी. हा आकडा लक्षणीय आहे. परंतु ‘मेंदूच्या लहरी या ठोक्याबरोबर चालू लागतात’ हा जो दावा प्रत्येक जाहिरातीत असतो, त्याची छाननी करणाऱ्या २०२३ मधील आढाव्यात १४ अभ्यासांपैकी ५ बाजूने, ८ विरुद्ध आणि एक संमिश्र निघाला. २०२० मधील एका प्रयोगात तर हवेत मिसळलेल्या साध्या थरथरीचाच मेंदूच्या लहरींवर अधिक ठळक ठसा उमटला आणि मनःस्थितीत दोन्हींमुळे फरक पडला नाही.

माझ्या अनुभवात विश्रांतीसाठी ही फाइल निश्चित चांगली आहे; जेवणानंतर डोळे मिटून ऐकली की श्वास संथ होतो आणि मान-खांदे सैल पडतात. मुद्रिते तपासताना मात्र पावसाचा आवाज थरथरीपेक्षा अधिक कामी आला, कारण घुमटाचा घुमारा झाकला जाणे हीच माझी खरी गरज होती. ध्यानाला बसताना पहिली काही मिनिटे ती आधार देते, पुढे तिचाच अडथळा होऊ लागतो, म्हणून मी ती लहान ठेवून हळूहळू विझत जाईल अशी केली.

हेडफोन कान पूर्ण झाकणारा घ्यावा, म्हणजे आवाज वाढवावा लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास ही मर्यादा सुचवलेली आहे आणि हा ध्वनी त्याहून कितीतरी हळू ऐकला तरी पुरतो. अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे, आणि फोंडा–पणजी रस्त्यावर स्कूटर किंवा गाडी चालवताना हे कोणीही कानाला लावू नये.