काळा अँगस की तांबडा हेरफर्ड?

अँगस आणि हेरफर्ड या मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या गुरांच्या दोन जाती. अमेरिकेतील पशुपालकाने कळपासाठी यांपैकी कोणता वळू घ्यावा, हा प्रश्न १९७८ पासून केवळ गोठ्यापुरता राहिलेला नाही. त्या वर्षी अमेरिकन अँगस असोसिएशनने ‘सर्टिफाइड अँगस बीफ’ हा ब्रँड सुरू केला. मांसातील चरबीची बारीक जाळी तपासण्याआधी त्यात जनावराची कातडी मुख्यतः काळी आहे का, हे पाहिले जाते. काळा रंग आनुवंशिकदृष्ट्या प्रभावी असल्याने संकरित जनावरेही पात्र ठरतात आणि बाजारात काळ्या वासरांना सहसा चढा भाव मिळतो.

हेरफर्डचा ब्रँड १९९५ मध्ये आला, पण त्याचा तेवढा दबदबा नाही. ही जात शांत आणि काटक असली, तरी प्रखर उन्हात तिच्या गुलाबी पापण्यांना विकार, अगदी कर्करोगसुद्धा, लवकर जडतो.

तरीही सगळा कळप शुद्ध अँगसचा करणे मला घाईचे वाटते, कारण त्यात संकराचा जोम, म्हणजे दोन जातींच्या मिलनातून वासरांत येणारा जास्तीचा जोम, हातचा जातो. हेरफर्ड गाय शुद्ध काळ्या अँगस वळूला दाखवली, की काळ्या अंगाचे, पांढऱ्या तोंडाचे ‘ब्लॅक बाल्डी’ वासरू होते. रंगाच्या निकषात ते बसते, आणि त्यातल्या कालवडी पुढे सहसा अधिक वर्षे वेतात.