मिशिगनच्या मिठापुढे कॉलिनाइट ८४५ कार वॅक्स : दोन हिवाळ्यांनंतर

रत्नागिरीच्या घरी खिडक्यांचे गज दर दोन वर्षांनी रंगवावे लागायचे. खारा वारा लोखंडाला सोडत नाही. पावसाळ्याआधी बाबा स्कूटर आडवी करून तिच्या पोटाला जळकं ऑइल लावायचे आणि मी फडकं घेऊन शेजारी उभी असायचे. मिशिगनला आले तेव्हा वाटलं, सुटलो मिठातून. पण इथे समुद्र नाही, तर हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून मीठ रस्त्यावर ओततात. डेट्रॉइट शहराच्या खाली सुमारे १,२०० फुटांवर मिठाची खाणच आहे.

माझी गाडी २०१९ची होंडा सीआर-व्ही, गडद निळी. कँटनहून अ‍ॅन आर्बरला लॅबमध्ये जाते, रोज एम-१४ रस्त्याने. डिसेंबरपासून मार्चपर्यंत दारांचा खालचा अर्धा भाग निळा दिसतच नाही. उतरताना काळा कोट घासला की त्यावर पांढरा पट्टा उमटलाच.

वॅक्स घेण्याआधी ते काय करतं हे कळायला मला दोन वर्षं लागली. वॅक्समुळे गाडीचा पत्रा सडायचा थांबत नाही. गंज धरतो तो खालून, आणि जिथे खडी उडून रंगाचा टवका गेलाय तिथे. त्यावर उपाय म्हणजे गाडीचं पोट पाण्याने धुणं आणि टवक्यांवर लगेच टच-अप पेंट लावणं. वॅक्सचं काम वेगळं. रंगावर वॅक्स असलं की मीठ आणि चिखल घट्ट चिकटत नाहीत, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने बरेचसे निघून जातात. म्हणजे हाताने घासायचं कमी. गडद रंगाचं खरं वाटोळं होतं ते सुकलेल्या मिठावरून फडकं किंवा ब्रश फिरवल्याने. पहिल्या वर्षी एका ऑटोमॅटिक कार वॉशच्या ब्रशांनी माझ्या बॉनेटवर असे गोल गोल ओरखडे काढले की उन्हात बघवत नसे.

मग शेजारच्या आजोबांनी मनावर घेतलं. ते गाड्यांच्या कारखान्यात पेंट शॉपमध्ये होते, आता निवृत्त आहेत. ते म्हणाले, हिवाळ्यासाठी चमक बघू नकोस, टिकतं काय ते बघ. शुद्ध कार्नौबाचं, म्हणजे ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरच्या मेणाचं, वॅक्स रंगाला सुंदर खोली देतं, पण काही आठवड्यांत उतरतं. त्याआधीच्या हिवाळ्यात मी एक सिरॅमिक स्प्रे लावला होता. पाच मिनिटांत काम झालं, पण जानेवारीत रंगावर पाण्याचे थेंब बनायचे बंद झाले, म्हणजे थर उतरला. आजोबांच्या गॅरेजमध्ये कॉलिनाइटची दोन वॅक्स होती : ४७६एस, चपट्या डब्यातलं घट्ट, आणि ८४५, बाटलीतलं पातळ. घट्ट वॅक्स जास्त टिकतं असं त्यांचं मत, पण ते पुसून काढायला मनगटात जोर हवा. मी ८४५ घेतलं. १६ औंसांची बाटली, २५ डॉलरच्या आत.

कंपनी न्यूयॉर्क राज्यातल्या युटिकाची. नावात ‘इन्सुलेटर वॅक्स’ आहे, कारण हे मुळात विजेच्या तारांच्या इन्सुलेटरवर घाण बसू नये म्हणून बनवलेलं. त्यात कार्नौबा आहे आणि जोडीला कृत्रिम घटक. थंडीत ते बाटलीतच थिजतं. पहिल्यांदा बाटली उलटी केली तर काहीच येईना. मला आईची खोबरेल तेलाची बाटली आठवली. तसंच केलं, गरम पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटं उभी ठेवली आणि खूप हलवली. झालं दुधासारखं पातळ.

आता लावायचं किती? तव्यावर घावन घालण्याआधी अर्ध्या कांद्याने तेल फिरवतो ना, तेवढंच. इथेच मी पहिल्या वर्षी चुकले. जास्त लावलं तर जास्त टिकेल असं वाटलं आणि छपरावरचा थर पुसता पुसता खांदे भरून आले. दुसऱ्या वर्षी एका दाराला बोटाच्या पेराएवढं वॅक्स स्पंजवर घेतलं, धुरकट झाल्यावर मायक्रोफायबरने पुसलं, दोन फिरवण्यांत निघालं. दुसरा हात दुसऱ्या दिवशी. काळ्या प्लॅस्टिकवर त्याचे पांढरे डाग राहतात, म्हणून कडांना रंगाऱ्यांची निळी टेप लावा. सीआर-व्हीला चाकांभोवती असं प्लॅस्टिक भरपूर आहे.

आधीची तयारी मात्र टाळू नका. गाडी दोन बादल्यांनी धुवायची, एकीत साबण आणि दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, मग क्ले बार, म्हणजे मऊ मातीसारखी वडी, फिरवायचा. धुतलेल्या रंगावरून तळहात फिरवला तर खरखर लागते, ती क्लेने जाते. त्या खरखरीवर वॅक्स लावलं तर ते नीट धरत नाही.

निकाल सांगते. दोन्ही हिवाळ्यांत बॉनेट आणि छपरावर मार्चपर्यंत थेंब गोल उभे राहत होते. दारांच्या खालच्या भागात आणि मागच्या दारावर, जिथे चाकांचा फवारा बसतो, तिथे फेब्रुवारीतच पाणी पसरायला लागलं. या वर्षी तिथे तिसरा हात देणार आहे. मधल्या काळात महिन्यातून दोनदा, पारा शून्याच्या वर गेला की, स्वतः फवारा मारायच्या जागी जाऊन पोटासकट धुते. बिनब्रशाच्या ऑटोमॅटिकमध्ये ओरखडे पडत नाहीत, पण तिथली रसायनं कडक असतात, वॅक्स लवकर उतरतं. आणि बर्फ झाडताना फोमचा झाडूसुद्धा रंगाला टेकवू नका. वरचा थर ढकला, शेवटचा अर्धा इंच राहू द्या.

निळ्या रंगावर आरशासारखी झळाळी हवी असेल तर हे वॅक्स तुमचं समाधान करणार नाही. चमक येते, पण बेताची. मला दोन हिवाळ्यांत नवा ओरखडा जवळपास दिसला नाही, आणि बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली आहे.

वेळ चुकवू नका एवढं मात्र सांगेन. नोव्हेंबर सरत आला की गॅरेजमध्येही हात गारठतात आणि वॅक्स नीट पसरत नाही. माझ्या घरी तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. दसऱ्याला गाडी धुवून झेंडूचा हार घालायचा असतोच. आदल्या शनिवारी धुणं आणि क्ले, पहिला हात संध्याकाळी, दुसरा रविवारी. हार वॅक्सवर ठेवते, म्हणजे झेंडूचा पिवळा डागही एका फडक्यात निघतो.