थकवा घालवणारा कोर्स: ४६,५०० गेले, वर रिपोर्टही बिघडला

सीएमएलवाल्यांनो (हा ब्लड कॅन्सरचा एक प्रकार) आणि त्यांच्या घरच्यांनो, हे वाचाच. त्यावरची गोळी इमॅटिनिब रोज ४०० मिलिग्रॅम, रक्तात आजार किती उरलाय ते मोजणारी पीसीआर तपासणी ०.०४ टक्के, डॉक्टर खूश. आणि मी? सकाळी उठतानाच अंग मोडलेलं, डोळ्यांभोवती सूज, रात्री पोटरीत असे गोळे की भिंत धरून उभं राहायचं. सांगितलं की उत्तर ठरलेलं, "आकडे उत्तम आहेत ना, मग झालं!" झालं कसं? जगायचं आम्हाला आहे. 'थकवा घालवणारे कोर्स' विकणाऱ्यांना नेमकी हीच नस सापडलेली असते.

त्यांच्या फोनवरच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, तेवढं आजवर कुणी ऐकलं नव्हतं. नोंदणीचे १,५००, तीन महिन्यांच्या कॅप्सूलचे ४५,०००. 'सवलत फक्त आजच' वगैरे नाटक तुम्हाला माहीतच आहे.

तळपायाची आग मस्तकात जाते ती एका वाक्यानं. मी विचारलं, डॉक्टरांना दाखवू का? बाई हसल्या. "कशाला? उगाच बंद करायला लावतील." फोन तिथंच आपटायचा! पण थकून पडलेल्या माणसाला असं बोलणंही आपुलकीचं वाटतं; मी काही बावळट नाही, माझ्या जागी कुणीही हेच केलं असतं. बाटलीवर मुंगीएवढ्या अक्षरांत 'हायपेरिकम' होतं. म्हणजे सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती. त्यानं शरीर इमॅटिनिब लवकर मोडून टाकतं, रक्तातलं औषध कमी पडतं. एकही गोळी चुकवलेली नसताना पुढचा पीसीआर ०.९ टक्के! आजार नीट आटोक्यात म्हणायची मर्यादा ०.१ ची.

'नैसर्गिक' म्हटलं की आधी घटक वाचा.

तक्रारीचं तर विचारूच नका. पोलीस म्हणाले, पैसे तुम्हीच स्वखुशीने भरलेत. बँकेचं तेच. औषध खातं म्हणतं हे पूरक अन्न, अन्न खात्याकडे जा. अन्न खातं म्हणतं आजाराबद्दलचा दावा तोंडी केलेला, पुरावा आणा. पुरावा म्हणून माझा रिपोर्ट दाखवला, तर साहेब विचारतात, "तब्येत तर बरी दिसतेय की!" ब्लड कॅन्सरवाल्यानं कसं दिसायला हवं, तेही एकदा लेखी द्या. मग अर्ज पुन्हा पहिल्या टेबलावर. फोन रेकॉर्ड करून ठेवा, नाहीतर दाद ना फिर्याद.

आणि थकवा डॉक्टरांना सांगताना लाजू नका, हटून बसा. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासता येतं, गोळीचा डोस किंवा गोळीच बदलता येते; मात्र आपल्या मनानं बंद करू नका. घरात अशी बाटली असेल तर फेकू नका. लेबलचा फोटो काढा, पावती जपा आणि दोन्ही पुढच्या तपासणीला डॉक्टरांसमोर ठेवा.